झिराडची डॉक्टरीणबाई
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळाच्या वर्धापनदिनी मी चार शब्द बोलावेत असे आपण ठरवलेत, तेव्हा मी अध्यक्षबाईंना म्हटले होते, "काकू, मी सातवी शिकलेली. मला पापडाचे पीठ किती मळायचे ते विचारा, भाषण कसले सांगता!" त्या म्हणाल्या, "पिठावर बोललीस तरी चालेल, पण बोल." पिठावर बोलायचे माझ्या मनात होतेही. पण गेली दोन वर्षे एक विषय डोक्यातून जात नाही. एका बाईने जन्मभर इस्पितळ चालवले आणि शिकवले, तिच्याविषयी मी आज सांगणार आहे. त्या बाईंचे आडनाव म्हणजे आपल्या गावाचे नाव. डॉ. जेरुशा झिराड. आपल्यापैकी किती जणींनी हे नाव ऐकले आहे? मीही ऐकले नव्हते.

झाले असे. दोन वर्षांपूर्वी, वालाच्या शेंगा निघायच्या दिवसांत, दुपारी एक गाडी आमच्या आळीत थांबली. एक म्हाताऱ्या बाई उतरल्या. अंगात झगा, डोक्याला रुमाल, बरोबर नातू. मला वाटले कोणी परदेशी पाहुणे बीचचा रस्ता चुकले. तर बाई म्हणाल्या, "बाय, झिराड गाव हेच ना? पाणी देशील का?" अशी चोख आपल्या बोलीतली मराठी! मी पडवीत बसवले, पाणी दिले, चहा ठेवला. त्या इस्राएल देशातून आल्या होत्या. त्यांचे वाडवडील याच भागातले, तेलाचे घाणे चालवणारे. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. आपले सासरे-आजे हा शब्द वापरीत, तो तुम्हीही ऐकला असेल. ही मंडळी म्हणजे बेने इस्राएल, यहुदी धर्माची. नवगावला समुद्राकाठी त्यांच्या पूर्वजांच्या जुन्या कबरी आहेत, अलिबागेत त्यांची आळी आहे, प्रार्थनामंदिर आहे. आपल्यासारखीच त्यांनीही गावांवरून आडनावे घेतली. किहीमचे किहीमकर, रोह्याचे रोहेकर, पेणचे पेणकर. आणि आपल्या गावावरून झिराड. इस्राएल देश १९४८ साली झाला आणि पुढे एकेक करून बहुतेक घरे तिकडे गेली.

चहा पिता पिता बाईंनी माझ्या धाकटीला विचारले, "तू काय शिकतेस?" ती म्हणाली, "अकरावी सायन्स. मला नर्सिंगला जायचेय." आतून सासूबाई खाकरल्या. आमच्या घरी तो विषय निघाला की त्या खाकरतात. बाई हसून म्हणाल्या, "तुझ्या गावच्या नावाची एक डॉक्टरीण मुंबईच्या कामा हॉस्पिटलची मुख्य होती. एकोणीस वर्षे. ठाऊक आहे?"

कोणालाच ठाऊक नव्हते. मला आपली लाज वाटली. परदेशातली बाई येऊन आपल्या पडवीत बसून आपल्याला सांगते, आणि आपण बघत राहतो. ती गाडी गेल्यावर मी वाचनालयातल्या गुरुजींच्या मागे लागले. त्यांनी कुठून कुठून कागद मिळवून दिले. इंग्रजी होते ते माझ्या लेकीने वाचून मराठीत सांगितले. सगळे समजले असे म्हणत नाही, पण समजले ते सांगते.

डॉ. झिराड यांचा जन्म २१ मार्चचा. जन्म आपल्याकडचा नव्हे, कर्नाटकातल्या शिमोग्याचा. शिक्षण पुण्याला, हुजूरपागेत. त्या लहान होत्या तेव्हा त्यांची थोरली बहीण फार आजारी पडली आणि मुंबईच्या कामा हॉस्पिटलात बरी झाली. तिथे त्यांनी पाहिले की बाईला बाईच तपासते, बाईच औषध देते, आणि सगळ्यांवर हुकूम चालवणारीही बाईच आहे. तेव्हाच त्या मुलीने मनाशी ठरवले, की मी डॉक्टर होईन, आणि ह्याच इस्पितळाची मुख्य होईन. ह्या वयात आपण काय ठरवतो? मी त्या वयात असताना ठरवले होते की माझ्या लग्नात मोतिया रंगाचा शालू घ्यायचा. तोही मिळाला नाही, ही गोष्ट वेगळी.

हे कामा हॉस्पिटल कसे निघाले तेही ऐकण्यासारखे आहे. आपल्या आज्या-पणज्या परपुरुषाला नाडी दाखवीत नसत. मरण आले तरी नाही. तेव्हा मुंबईत एक अमेरिकन व्यापारी किट्रेज म्हणून होते आणि सोराबजी शापूरजी बंगाली म्हणून एक पारशी सद्गृहस्थ होते. त्यांनी निधी जमवला आणि विलायतेहून बायका डॉक्टर आणायचे ठरवले. पेस्तनजी होरमसजी कामा यांनी इस्पितळासाठी पैसा दिला. १८८३ साली पाया घातला आणि १८८६ साली इस्पितळ उघडले. पहिल्या मुख्य डॉक्टर एडिथ पीची ह्या इंग्लंडच्या. त्यांची हकीगत अशी, की १८६९ साली एडिंबरोला त्या आणि आणखी काही बायका वैद्यकी शिकायला गेल्या. रसायनाच्या परीक्षेत पीचीबाईंना मोठी शिष्यवृत्ती मिळायला हवी होती. ती त्यांना न देता खालच्या नंबराच्या पुरुष विद्यार्थ्याला दिली, कारण ह्या बाई. मग त्यांनी स्वित्झर्लंडला जाऊन पदवी घेतली. मुंबईला येताना त्यांचा आग्रह होता की बायका डॉक्टरांना पुरुषांइतकाच पगार पाहिजे. आणि आपल्याकडे लावणीच्या दिवसांत गड्याची मजुरी एक आणि बाईची एक, हे आजही चालू आहे. चिखलात वाकायचे सारखेच. असो, तो विषय मंडळाच्या पुढच्या सभेत घेऊ.

पीचीबाईंनी तिथे नर्सांना शिकवायचीही सोय केली. म्हणजे रोगी बरे करणे आणि बरे करणाऱ्या तयार करणे, ही दोन्ही कामे त्या घरात पहिल्यापासून एकत्र होती. स्वयंपाकघरात असेच असते. सासू स्वयंपाक करते आणि सुनेला शिकवतेही. फरक एवढाच, की आमच्या सासूबाई मीठ किती घालायचे ते सांगत नसत, चुकले की सांगत.

पुन्हा झिराडबाईंकडे येते. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकून त्या डॉक्टर झाल्या. पुढे विलायतेला जायचे होते, पण पैसा नव्हता. त्यांनी काही वर्षे स्वतःचा व्यवसाय करून पैसे साठवले, टाटांच्या निधीतून कर्जाऊ मदत घेतली आणि १९१४ साली, महायुद्ध सुरू झाले त्या वर्षी, लंडनला गेल्या. पुढे सरकारची शिष्यवृत्तीही मिळाली. एकटी मुलगी, युद्धाचे दिवस, परका मुलूख. १९१९ साली त्या लंडनची एम.डी. ही पदवी घेऊन बाहेर पडल्या, बाळंतपण आणि स्त्रियांचे विकार ह्या विषयात. परत आल्यावर दिल्लीला, बंगलोरला कामे केली, मग मुंबईला आल्या. आणि १९२८ साली त्या कामा हॉस्पिटलच्या मुख्य झाल्या. लहानपणी म्हटले ते खरे करायला कित्येक वर्षे लागली.  १९४७ पर्यंत त्या पदावर होत्या. लग्न केले नाही. १९४५ साली इंग्रज सरकारने मान दिला, १९६६ साली आपल्या सरकारने पद्मश्री दिली. वैद्यकी करणाऱ्या बायकांच्या अखिल भारतीय संस्थेच्या त्या अध्यक्ष होत्या. आणि हे ऐकून तुम्हाला बरे वाटेल, की त्यांच्या समाजाच्या स्त्री मंडळातही त्यांनी काम केले. एवढी मोठी डॉक्टर आपल्यासारखीच मंडळाच्या सभेत सतरंजीवर बसत असेल, ह्या कल्पनेने मला फार गंमत वाटली. नव्वदी ओलांडून त्या गेल्या.

इस्पितळाची मुख्य म्हणजे काय, हे मला आपल्या आळीतल्या सिस्टरबाईंनी समजावले. त्या स्वतः सदतीस वर्षे नोकरी करून निवृत्त झाल्या आहेत. त्या म्हणाल्या, "तुला वाटते मुख्य डॉक्टरीण म्हणजे नुसते ऑपरेशन. अगं, चादरी किती, त्यातल्या धुवायला किती, फाटक्या किती, हे बघावे लागते. पेजेत पाणी किती घातले ते बघावे लागते. आयांची भांडणे सोडवावी लागतात. रात्री दोन वाजता नवी मुलगी घाबरून उठवायला येते, तिच्यावर न ओरडता तिच्याबरोबर जावे लागते. ओरडलीस तर पुढच्या वेळी ती उठवायला येत नाही, आणि मग बाई मरते." हे शेवटचे वाक्य त्या फार सहज बोलल्या. मी मात्र घरी आले तरी तेच घोळत होते. कारण न उठवल्यामुळे, न बोलल्यामुळे बाई मरते हे मी पाहिले आहे. ते आता सांगते. सांगू की नको, ह्याचा आठ दिवस विचार केला, घरच्यांना विचारले, आणि मगच उभी राहिले आहे.

२००१ सालचा आषाढ. माझी थोरली सहा महिन्यांची होती. माझी नणंद पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आली होती. तुमच्यापैकी जुन्या जणींना ती आठवत असेल. झिम्म्याला तिच्याएवढे दमसास कोणाला नव्हते. पाऊस असा की रस्ता आणि खाचर ह्यात फरक दिसेना. वीज गेलेली. सुईणबाईंना बोलावले. त्या वाईट नव्हत्या. आमच्या घरातल्या सगळ्यांची नाळ त्यांनीच कापलेली. रात्री अकराच्या सुमारास मुलगा झाला, चांगला रडला. सासऱ्यांनी ओटीवरून विचारले, आतून सांगितले मुलगा. सगळ्यांना आनंद झाला.

पण वार पडेना. सुईणबाईंनी वेणीचा शेपटा तिच्या तोंडात घातला, ओकारी आली की वार पडते म्हणून. पोट चोळले. चहा पाजला. मी कंदील धरून उभी होते. तिच्या खालची गोधडी पहिल्यांदा लाल झाली, मग काळी दिसायला लागली. मग मला माझ्या पायाला ओले लागले. जमीन शेणाने सारवलेली, तिच्यावरून ते माझ्या पायापर्यंत आले होते. मी सासूबाईंकडे पाहिले. सुईणबाई म्हणाल्या, "घाण जाते आहे, जाऊ दे, अंग हलके होते." मी नवी सून. बावीस-तेवीस वर्षांची. माहेरी माझ्या मामीच्या वेळी एवढे गेलेले मी पाहिले नव्हते. हे बरोबर नाही असे मला आतून वाटत होते. पण मी बोलले नाही. मोठी माणसे आहेत, त्यांना कळते, आपण बोललो तर अपशकुनी म्हणतील, असे वाटले. मी कंदील धरून उभी राहिले.

दीडच्या सुमारास ती म्हणाली, "वहिनी, थंडी वाजते." मग जीप शोधायला माणूस गेला. जीप आली तीन वाजता. अलिबागच्या रस्त्याला लागलो आणि वाटेतच ती गेली. तिचे डोके माझ्या मांडीवर होते. तिच्या मुलाला मी माझ्या थोरलीबरोबर पाजले. पुढे तो त्याच्या घरी गेला, पण सुट्टीत इथेच असतो. आज हा मांडव ज्याने घातला, माईक ज्याने लावला, तो तोच. ह्या भाषणात मी हे बोलणार आहे हे मी त्याला आधी सांगितले. त्याला आजवर आम्ही इतकेच सांगितले होते की रक्त गेले. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मामी, बोल तू."

आता झिराडबाईंचा आणि ह्याचा संबंध सांगते. १९३७-३८ साली मुंबई शहरात एक चौकशी झाली. बाळंतपणात बायका कशाने मरतात, ह्याची चौकशी. ती डॉ. झिराड यांनी केली, आणि १९४१ साली तिचा अहवाल छापून निघाला. हे वाचले तेव्हा मी लेकीला म्हटले, पुन्हा वाच. मला खरे वाटेना. आपल्याकडे बाई बाळंतपणात गेली की म्हणायचे, तिचे एवढेच आयुष्य होते. सटवाईने कपाळी लिहिले तेवढे. आणि ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी एक बाई म्हणते, थांबा, कशाने गेली ते लिहून काढा.

अशा चौकशीत काय विचारतात, ते मी सिस्टरबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "वय काय, कितवी खेप, दिवस राहिल्यावर कोणी तपासले होते का, अंगात रक्त किती होते, पायांवर सूज होती का, कळा कधी लागल्या, वार कधी पडली, रक्त किती गेले, मदत कधी मागितली, वाहन कधी मिळाले, दवाखान्यात किती वाजता पोचली, पोचल्यावर किती वेळाने कोणी पाहिले." मग म्हणाल्या, "ह्यात दोष कोणाला द्यायचा नसतो. वेळ कुठे गेला ते शोधायचे असते."

मी त्यांना त्या रात्रीच्या वेळा सांगितल्या. अकरा, दीड, तीन. आजवर मला कोणी विचारल्या नव्हत्या आणि मी कोणाला सांगितल्या नव्हत्या. सिस्टरबाईंनी माझ्याच लेकीच्या वहीच्या पाठकोऱ्या पानावर त्या एकाखाली एक लिहिल्या. मग पेन ठेवून म्हणाल्या, "मूल झाल्यावर वार साधारण अर्ध्या तासात पडायला हवी. नाही पडली की बाईला हलवायचे, वाट बघायची नाही. पिशवी आवळली नाही तर रक्ताची तोटी उघडी राहते. दोन तासांत खेळ आटोपतो." आता इस्पितळात मूल जन्मले की मिनिटाभरात आईला पिशवी आवळण्याचे इंजेक्शन देतात, हे त्यांनी सांगितले. एक सुई. मी विचारले, "साडेअकराला निघालो असतो तर?" त्या म्हणाल्या, "पाऊस होता, जीप नव्हती. वाचली असती असे मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. पण वेळ तुमच्याकडे होता." त्यांनी मला खोटा दिलासा दिला नाही, ह्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

शिकवणे म्हणतात ते हेच असावे, असे मला वाटते. नुसते पुस्तक वाचून दाखवणे नव्हे. झिराडबाईंच्या हाताखाली किती मुली डॉक्टर म्हणून, नर्स म्हणून, सुईण म्हणून घडल्या असतील, त्यांनी पुढे आणखी कितींना शिकवले असेल. आपल्या सिस्टरबाईंना ज्यांनी शिकवले त्यांना कोणी शिकवले होते? असे मागे मागे गेले तर एखादा धागा त्या कामा हॉस्पिटलपर्यंत जातही असेल. आणि आमच्या सुईणबाईंना कोणी शिकवले? त्यांच्या आईने. तिला तिच्या आईने. त्यांचा हात हलका होता, त्यांनी शेकडो मुले सुखरूप काढली. पण वार अडकली तर काय करायचे, हे त्यांच्या शाळेत कोणालाच ठाऊक नव्हते. त्यांना दोष देऊन मी मोकळी होणार नाही. त्यांनीही नंतर आमच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकले नाही, जिवंत होत्या तोवर.

आता दिवस पालटले आहेत. आशाताई दारात येतात, नाव नोंदवून घेतात, रक्त तपासायला नेतात. १०८ नंबरला फोन केला की गाडी येते. सरकारचे आकडे असे सांगतात, की २०१८ ते २० ह्या काळात आपल्या देशात एक लाख जिवंत मुलांमागे ९७ आया बाळंतपणापायी गेल्या, आणि महाराष्ट्रात ३३. केरळात १९. म्हणजे आपले पुष्कळच कमी झाले. पण ३३ आकडा वाचताना मला तेहतीस कंदील दिसतात. एवढ्या रक्तावर कुणी विचारायला आले नाही असे मात्र आता होत नाही. बाई गेली की चौकशी करायची, असा आता नियम आहे.

माझी धाकटी यंदा बारावी झाली. तिला जी.एन.एम.ला जायचे आहे, तीन वर्षांचा कोर्स. आमच्या घरात ह्यावरून काय काय झाले ते आळीला ठाऊक आहे, भिंती कुडाच्या आहेत. रात्रपाळी, परक्या पुरुषांचे अंग पुसणे, लग्न कोण करील, हे सगळे बोलून झाले. त्यातच २६ नोव्हेंबर २००८ ची गोष्ट निघाली. त्या रात्री अतिरेकी कामा हॉस्पिटलातच शिरले होते. तिथल्या एक नर्स, अंजली कुळथे, यांनी वॉर्डाची दारे बंद करून वीस गरोदर बायकांना आतल्या लहानशा खोलीत हलवले. त्याच रात्री एकीला कळा सुरू झाल्या, तर तिला भिंतीच्या कडेकडेने बाळंतपणाच्या खोलीत नेले. ही गोष्ट मी नर्सांचा मोठेपणा सांगावा म्हणून घरात सांगितली. सासूबाई म्हणाल्या, "बघ! म्हणूनच नको म्हणते." आता ह्यावर काय बोलणार!

तर भगिनींनो, हे भाषण मी वहीत लिहिले आणि परवा रात्री सासूबाईंना वाचून दाखवले. त्यांच्या लेकीची गोष्ट, त्यांच्या संमतीशिवाय मी बोलले नसते. त्या भिंतीला टेकून ऐकत होत्या. मी वाचून संपवले. मला वाटले आता रागावतील. त्या म्हणाल्या, "त्यात एक राहिले."

मी म्हटले, "काय राहिले?"

त्या म्हणाल्या, "बारा वाजता हे ओटीवरून बोलले होते, जीप बघू का. मीच आतून म्हटले, नको, वार पडेल एवढ्यात. पावसात बाळंतीण कुठे नेता. तू तेव्हा चुलीवर पाणी ठेवायला गेली होतीस. तुला ठाऊक नाही." मग बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "मलाही दिसत होती गोधडी. ते पण लिही."

म्हणून लिहिले. त्या समोर पहिल्या रांगेत बसल्या आहेत, आणि मी हे त्यांच्या देखत बोलते आहे. पाठकोऱ्या पानावर अकरा आणि दीड ह्यांच्या मधे आता बारा लिहिले आहे.

काल सकाळी धाकटीच्या फॉर्मवर पालकाची सही हवी होती. हे लाँचवर कामाला गेलेले. सासूबाईंनी विचारले, "आजीची चालते का?" चालत नाही म्हणून कळल्यावर त्यांना राग आला. पण मांडव्याला तिकीट काढून सही आणायला नातीबरोबर त्याच गेल्या.